दोरी हाताला गुंडाळायची नाही

अठरा वर्षं आर्मीच्या अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्टमध्ये काढली आणि हवालदार म्हणून घरी आलो. शेवटची पोस्टिंग बायकोनं केली. मुलुंड, चाळीतली खोली, आणि एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीची ड्यूटी. शेजारी दत्ता परब राहायचा. मालवणकडचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. ऐंशीच्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा इतरांबरोबर त्याचीही वाट लागली. सहा महिने घरी बसला आणि एका रविवारी सकाळी सातला माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“हवालदार, माका घोडी घेवची आसा.”

“कशाला रे?”

“लग्नाच्या वरातीक. मुलुंड, घाटकोपर, सगळीकडे मागणी आसा.”

“घोड्यावर बसलायस कधी?”

“नाय.” जरा थांबून म्हणाला, “एकदा जुहूक. फोटोपुरतो.”

मला हसू आलं, पण लगेच विरलं. गिरणीतून जे हातात आलं ते सगळं हा गडी एका जनावरावर लावणार होता. त्या जनावरावर कोणाचा तरी मुलगा नवरदेव म्हणून बसणार, पुढे बँड, पायाशी फटाक्यांची माळ. घोडी चुकली तर संसार बुडेलच, वर माणूसही जाईल. मी सांगितलं, “आधी महिनाभर लीद उचल. मग बोलू.”

चेकनाक्याजवळ माझ्या ओळखीचा तबेला होता. दत्ता तिथे सकाळी साडेपाचला हजर व्हायचा. लीद काढायची, खरारा करायचा, चारही खूर उचलून साफ करायचे. पाणी आधी, दाणा नंतर. मागून जाताना आवाज द्यायचा, अंगावर हात ठेवून जायचं. माणूस मेहनती होता, पटकन शिकला. एक खोड मात्र सुटेना. लगामाची दोरी हातात आली की तो ती तळव्याला गुंडाळायचा. घट्ट वाटतं ना! मी रोज ओरडायचो, “घडी घालून धर! हाताला गुंडाळायची नाही!” तो “सॉरी, सॉरी” म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

महिना झाला. मानखुर्दला एकाकडे दोन घोड्या विकाऊ असल्याचं कळलं. आम्ही दुपारी तीनला पोचलो.

पहिली दुधासारखी पांढरी. चार वर्षांची, डौलदार. गळ्याखाली केसांचा भोवरा, ज्याला देवमण म्हणतात आणि शुभ मानतात. मालक पुन्हा पुन्हा तोच दाखवत होता. दत्ता तर पाहताक्षणी लट्टू. दुसरी मळकट पांढरी, बारा वर्षांची, पोट सुटलेली. मी तिचे दात पाहिले, पाय खालपर्यंत चाचपले, खूर उचलले. खूर लोखंडासारखे. खूर उचलताना तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चारा चघळायला लागली.

“दोघींना बाहेर घे,” मी म्हटलं. पांढरीची दोरी दत्ताकडे दिली आणि मागे जाऊन पत्र्याचा डबा काठीनं वाजवला.

म्हातारीनं एक कान हलवला. पांढरी उधळली. दत्ता तिच्याबरोबर ओढला गेला, चार पावलं पायांवर आणि पुढची तीन पोटावर. दोरी हाताला गुंडाळलेली होती. मालकानं आडवं येऊन घोडीचं तोंड धरलं म्हणून वाचला. मी धावत गेलो, दोरी सोडवली आणि त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली.

दत्ता बघतच राहिला. पस्तिशीचा बाप्या, दोन मुलांचा बाप.

थोड्या वेळानं मी म्हटलं, “म्हातारी घे. नवा माणूस आणि नवी घोडी एकत्र चालत नाही.”

त्यानं मान डोलावली. मग मालकानं तिची झूल काढली आणि दत्ता मागे सरकला. पाठीवर, जिथे खोगीर बसतं बरोबर तिथे, भोवरा होता. त्याला छत्रभंग म्हणतात. बसणारा जगत नाही, अशी समजूत. तबेल्यातल्या कोणीतरी त्याला हे सगळं आधीच पढवलं होतं.

“नको हवालदार. नवऱ्याक बसवचो तिच्यावर? उद्या काय झाला तर मी खय तोंड दाखवू?”

“झूल टाकली की दिसत नाही.”

“माका दिसतला ना!”

खोटं नव्हतं ते. मग मी त्याला भिंतीच्या सावलीत बसवलं आणि जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

मी लान्स नाईक होतो, पहाडातल्या चौक्यांना रेशन पोचवत होतो. आमच्या कंपनीत छत्रभंग असलेलं एक तट्टू आलं. कोणी घेईना. सिपाही तुकाराम जाधवनं हात वर केला. “आमच्या नशिबाला आणखी काय व्हायचंय, आण इकडं!” म्हणाला. दोन हिवाळे त्यानं ते तट्टू चालवलं. तसं शहाणं जनावर मी पुन्हा पाहिलं नाही.

त्या दिवशी पहाटे पाच दहाला कॉन्व्हॉय निघाला. थंडीनं बोटं वळत नव्हती. लाईन चेक करताना मी पाहिलं, तुकारामनं लीड रोप, म्हणजे तट्टू धरायची दोरी, मनगटाला गुंडाळली होती. मला बोलायचं होतं. पण उशीर झाला होता, वर हवा बिघडत होती. मी पुढे गेलो. सहा चाळीसला वाटेची कड खचली. तट्टू उधळलं नाही, ओरडलंही नाही. पायाखालची जमीन गेली आणि ते खाली गेलं. तुकाराम मागोमाग. दोरी मोकळी असती तर तो वरच राहिला असता.

मी वायरलेस सेट हातात घेतला. “एक जवान, एक जनावर दरीत. ओव्हर.”

“कारण? ओव्हर.”

“तट्टू बिथरलं. ओव्हर.”

झालं. तेच रिपोर्टमध्ये गेलं. कंपनी म्हणाली, छत्रभंगच तो, घेतलाच शेवटी माणूस. मी ऐकून घेतलं. रजेवर त्याच्या गावी गेलो तेव्हा त्याच्या आईलाही तेच सांगितलं.

दत्ता उठला, कपडे झटकले आणि म्हातारीची दोरी धरली. घडी घालून.

पहिली वरात घाटकोपरला होती. बँडवाले कानाशी वाजवत होते, माळा लागत होत्या, आणि म्हातारी आपली झोपाळू डोळ्यांनी चालत होती. दत्ताला घाम फुटलेला. वरात पोचल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाला, “झकास आसा हो माझी घोडी!” मला फार बरं वाटलं. आणि त्याच क्षणी लाजही वाटली. दत्ताला खरं सांगितलं होतं, पण जिला सांगायला हवं होतं तिला नाही.

पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून तुकारामच्या गावी गेलो. आई होती. कमरेत वाकलेली, पण नजर साफ. तिनं ओळखलं. मी बसलो नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. दोरी पाहिली होती ते, बोललो नाही ते, रेडिओवर काय म्हणालो ते.

ती ऐकत राहिली. मग विचारलं, “म्हंजी जनावर चांगलं हुतं?”

“फार चांगलं होतं, आई.”

“आन मी इतकी वरसं रोज सांजच्याला दिवा लावून त्येला शिव्या दिल्या रं.”

मी म्हटलं, “आता मला द्या.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. पदरानं तोंड पुसलं. “तुक्या बी असाच हुता, उभ्यानंच बोलायचा,” म्हणाली. “बस. भाकरी खा.”