आर्णीजवळचा तांडा आणि धड्यातला कॅमेरेवाला

गेल्या आठवड्यात एका वाचक बाईंनी लिहिलं, "काका, तुम्ही इतकं फिरला आहात, तर आर्णीजवळच्या त्या बंजारा तांड्यावर कसं जायचं ते एकदा लिहा ना. शाळेत तो धडा वाचल्यापासून ती जागा बघायची आहे. आठवतो ना तुम्हाला, नवरीला दोनदा रडायला लावणारा तो दुष्ट कॅमेरेवाला?"

आठवतो. तो मी.

तेव्हा आधी रस्ता सांगतो आणि मग रस्त्यात काय झालं ते. बाईंचा राग नाही. त्यांनी धडा वाचलाय आणि धड्यात तसंच लिहिलंय.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी मुंबईत एका स्टुडिओत फिल्म कापायच्या खोलीत काम करायचो आणि स्वतःचा लघुपट काढायची स्वप्नं बघायचो. मित्राचा चावीचा कॅमेरा मागून आणला होता. चावी दिली की जेमतेम अर्धं मिनिट चालायचा, आवाज पकडायची सोय नव्हती. चित्रं आधी घ्यायची आणि निवेदन मागून चढवायचं. ते निवेदन लिहायला मला एकच माणूस हवा होता. त्यांना नानासाहेब म्हणतो. खरं नाव लिहीत नाही, त्यांच्या नावाने अजून पुरस्कार दिले जातात. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या आणि आता शेती करणाऱ्या बंजाऱ्यांवरचं त्यांचं पुस्तक मी इतक्यांदा वाचलं होतं की त्याची पानं सुटली होती. मी भीत भीत विचारलं आणि ते चक्क हो म्हणाले. "उन्हाळ्यात अमरावतीला ये. ओळखीच्या एका तांड्याच्या नायकाच्या मुलीचं लग्न आहे. चित्रं तुझी, शब्द माझे." मी आठवडाभर जमिनीवर नव्हतो.

अमरावतीहून आम्ही नेरमार्गे यवतमाळची एसटी धरली. आज हा रस्ता गुळगुळीत आहे, तेव्हा कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन बसावं लागलं. डोक्याला पंचा बांधला तरी कान भाजत होते. मे महिन्यात जाणार असाल तर पहाटेची गाडी धरा. नेरला चहा-भज्यांना उतरलो तर एका शाळामास्तरांनी नानासाहेबांना ओळखलं, त्यांचे पाय धरले आणि बघता बघता भोवती माणसं जमली. नानासाहेब बोलत राहिले आणि आमची गाडी निघून गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाची पेटी उचलायला मिळते यातच मी खूश होतो. दुसऱ्या गाडीत ते म्हणाले, "कॅमेरा हा डोळा खरा, पण त्याला पापणी लेखकाची लागते." ते वाक्य मी पाठ केलं. आता वाटतं, त्याला काहीही अर्थ नव्हता.

यवतमाळच्या लॉजमध्ये ढेकणांनी फोडून काढलं. सकाळी आर्णीच्या गाडीने उतरलो तर हरचंद नायकांचा गडी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, घेऊन उभाच होता. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, नवरीचा बाप. उंच, सावकाश बोलणारा माणूस. "नानासाहेब आमच्या घरचेच हाय जी," मला म्हणाले. "त्याईनं आमचं नाव पुस्तकात आणलं. तुमी बी घरचेच." ज्वारीची भाकर, डोळ्यातून पाणी काढणारा रस्सा आणि कैरीचं पन्हं, यावर आम्ही तिथे राहिलो. मी घरं, बैल, आरशाचे कपडे, पाण्याला जाणाऱ्या बाया असं सगळं टिपत होतो. नवरी धानी कॅमेरा दिसला की पदराआड हसायची. पुढे काय होणार आहे हे तिला माहीत नव्हतं, तसं मलाही नव्हतं.

बंजाऱ्यांची मुलगी सासरी निघताना नुसती रडत नाही. एकेका माणसाच्या गळ्यात पडून ती गाऊन रडते, त्याला ढावलो म्हणतात. आईसाठी वेगळे शब्द, भावासाठी वेगळे, मैत्रिणींसाठी वेगळे. मग तिला सजवलेल्या बैलावर उभी करतात. तिथून ती तांड्याचा शेवटचा निरोप घेते आणि वरात निघते. हेच आमच्या लघुपटाचं शेवटचं दृश्य होतं. त्यासाठी मी फिल्मचं शेवटचं रीळ जपून ठेवलं होतं.

पाठवणीच्या सकाळी आर्णीच्या मास्तरमंडळींनी नानासाहेबांना भाषणाला बोलावलं. "आलोच," म्हणून ते दमणीतून गेले. नायकांनी वाट पाहिली. ऊन चढायला लागलं, नवरदेवाकडची माणसं चुळबुळ करू लागली, शेवटी पाठवणी सुरू झाली.

ते मी काय सांगू? धानीने आईच्या गळ्यात पडून पहिला सूर लावला आणि माझ्या पाठीवर काटा आला. शब्द मला कळत नव्हते, तरी माझे डोळे भरून आले. चावी देत होतो, बटण दाबत होतो, पुन्हा चावी देत होतो. ती बैलावर चढली, तिने दोन्ही हात वर केले आणि माझं रीळ तिथेच संपलं. हवं ते सगळं मिळालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी खरोखर सिनेमा काढणारा माणूस आहे.

एवढ्यात दमणी आली. नानासाहेब गळ्यातल्या हारासकट उतरले.

"झालं?"

"झालं. अप्रतिम मिळालंय, नानासाहेब."

"तुझ्या कॅमेऱ्याने पाहिलं. मी कुठे पाहिलं?"

मला वाटलं, गंमत करताहेत. म्हटलं, "मुंबईला धुऊन आलं की दाखवतो ना."

"पडद्यावर पाहून मी लिहीत नाही. पुन्हा करायला सांग."

"फिल्म संपलीय. कॅमेरा रिकामा आहे."

"मग रिकामा फिरव. त्यांना काय कळतंय?"

मी नाही म्हणालो. माझी वाचा तिथे फुटली याचं मला अजून नवल वाटतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ नायकांकडे गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नायक, या पोराच्या मशीननं दगा देल्ला. काईच भरलं नाही. पोरीले पुन्हा एक डाव रडा लागते."

नायकांचा चेहरा उतरला. नवरीची काकी मात्र पुढे आली. "बैलावर चढेल पोरगी खाली उतरत नाही, साहेब. उतरली तं ते पाठवणीचं रडनं राहत नाही, मेल्या मानसाच्या मातीचं होते."

"नायक, मशीन ठीक आहे," मी ओरडलो. "सगळं भरलंय. पोरीला उतरवू नका!"

नायकांनी माझ्याकडे पाहिलं, मग नानासाहेबांकडे. एकीकडे मुंबईचा पॅन्टवाला पोरगा, दुसरीकडे धोतर नेसलेला, पुस्तकात नाव आणणारा माणूस. "नानासाहेब लबाड कायले बोलतीन जी?" ते म्हणाले आणि स्वतः बैलाची वेसण धरून उभे राहिले.

धानी उतरली. मी कॅमेऱ्यापासून दूर जाऊन कुंपणाशी उभा राहिलो. कॅमेरा तिकाटण्यावर एकटाच तिच्याकडे तोंड करून होता. ती आईच्या गळ्यात पडली, पण तिला सूर लागेना. आईने तोंड फिरवलं होतं. मग ती जी रडली त्यात गाणं नव्हतं. काकी चुलीच्या घरात गेली आणि बाहेर आलीच नाही. नानासाहेब हात मागे बांधून, एक पाऊल पुढे होऊन ऐकत होते.

परतीच्या गाडीत त्यांचे डोळे ओले होते. "आज फार मोठं काही पाहिलं," असं दोनदा म्हणाले. अमरावतीला माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. निवेदन पंधरवड्यात पाठवतो म्हणाले.

निवेदन आलं नाही. दिवाळी अंकात त्यांचा लेख आला. त्यात तांडा होता, बैल होता, ढावलो होता. मुंबईचा एक कॅमेरेवाला होता, ज्याचं यंत्र बिघडतं आणि जो बैलावर चढलेल्या नवरीला खाली उतरवून पुन्हा रडायला लावतो. एक म्हातारा लेखक हात जोडून म्हणतो, "नको रे, उतरवू नकोस तिला." माझंच वाक्य होतं ते. फक्त माझ्या तोंडातून काढून स्वतःच्या तोंडात घातलं होतं. आणि लिहिलं होतं असं सुंदर, की वाचताना मलाही त्या कॅमेरेवाल्याची चीड आली.

मी संपादकांना पत्र पाठवलं, ते छापलं नाही. मित्र म्हणाले, मोठ्या माणसावर जळतोस. लघुपट दोन-तीन ठिकाणी दाखवला. "निवेदनाशिवाय मुका वाटतो," असं सगळीकडे ऐकून घेतलं आणि डबा माळ्यावर टाकला. पुन्हा स्वतःचं काही काढलं नाही, जन्मभर दुसऱ्यांच्या फिल्मा कापल्या. चित्रं माझी, शब्द त्यांचे. ठरलं होतं तसंच झालं.

बाई, तुम्ही जरूर जा. यवतमाळहून आर्णीला गाड्या भरपूर आहेत, पुढे रिक्षा मिळते. रस्सा सोसत नसेल तर आधीच सांगा. कॅमेरा खुशाल न्या, लेखक नेऊ नका. आणि धानी अजून असेल, तर माझ्या वतीने तिला एवढंच सांगा की तिचं पहिलं रडणं सगळं भरलं होतं, दुसऱ्याची काही गरज नव्हती. मी हे सांगायला कधीच गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो? तिथेही माझं यंत्रच बिघडलं होतं.

पुढे तो लेख शाळेच्या पुस्तकात आला. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. जेवताना म्हणाली, "बाबा, उद्याच्या पेपरात 'कॅमेरेवाल्याचे स्वभावचित्र' येणार आहे. कसला नीच माणूस आहे हो तो!" मी ताट बाजूला सारलं आणि तिला सगळं सांगितलं, आज तुम्हाला सांगितलं तसंच. माझ्यावर तिचा विश्वास बसला, हे मला दिसलं. तिने हळूच विचारलं, "मग पेपरात काय लिहू?"

मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेच लिही."

तिला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.