बहिणीनं मलेच विचारलं होतं

मित्रहो, आज मन लागून नाही राहिलं, म्हणून लिहून राहिलो.

माझी लहान बहीण नोकरी सुटल्यापासून तिगावले माझ्याकडे राहते. सकाळी तिच्या क्रेडिट कार्डाचं बिल माझ्या हाती लागलं. वर्षभर ती फक्त मिनिमम, म्हणजे कमीत कमी लागते तेवढीच रक्कम, भरत होती. त्यासाठी पायातल्या चांदीच्या तोरड्याही विकल्या. व्याजामुळं मूळ रक्कम मात्र तेवढीच होती.

मी चिडलो, "कोणाले विचारायचं तरी!"

ती हळूच म्हणाली, "दादा, तुलेच विचारलं होतं, मिनिमम भरलं तं चालते का म्हणून. तू मोबाईल पाहून राहिला होता. म्हणला, चालते."

मले आठवलंही नाही.

दुपारी पांढुर्ण्याच्या बँकेत जाऊन कमी व्याजाचे हप्ते पाडून घेतले. ते मी भरीन. पण माझ्या एका शब्दावर ती वर्षभर विसंबून राहिली, त्याची माफी कशी मागू, सांगा.