नागोबाच्या पोटाखालचा तवा

आमच्या देवासच्या घरात दोन जीव असे आहेत, ज्यांना चटका बसलेला कळत नाही. एक मुलीचा साप आणि दुसरी माझी थोरली बहीण. दोघांची जबाबदारी माझ्यावर आहे. निवृत्त माणसाकडे वेळच वेळ असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी चार दिवस आमच्याकडे राहायला यावं.

आधी सापाचं सांगतो. मुलगी इंदूरला नोकरी करते. तिथल्या घरमालकाला कुत्रं चाललं असतं, मांजर चाललं असतं. साप म्हटल्यावर त्याने हात जोडले. मग एका रविवारी ती काचेची पेटी, पेटीत साप आणि सापाचे वनखात्याकडचे नोंदणीचे कागद घेऊन आमच्या दारात उभी राहिली. साप आफ्रिकेतला, अजगराच्या जातीचा, पण लहानखुरा आणि बिनविषारी. घाबरला की स्वतःचा लाडू वळून बसतो. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण त्याला पापण्या नाहीत. तो आपल्याकडे बघतोय की झोपलाय ते कळत नाही, आणि आपल्याच घरात कोणी टक लावून बघितलेलं मला खपत नाही. बायकोने एकच अट घातली: त्याचे गोठवलेले उंदीर तिच्या फ्रीजमध्ये राहणार नाहीत. लगेच त्याच्यासाठी वेगळा छोटा फ्रीज आला. माझ्यासाठी या घरात वेगळा टॉवेलसुद्धा कधी आलेला नाही.

पण खरी भानगड होती हीट मॅटची. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून द्यावी लागते. त्यासाठी पेटीखाली विजेवर तापणारी एक पातळ काळी चटई ठेवतात. मुलीने मला वर्गातल्या पोरासारखं समोर उभं करून शिकवलं. मॅट पेटीच्या बाहेर, काचेखाली. आत कधीच नाही. तीही एका टोकाला, तळाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच, म्हणजे उकडलं तर त्याला सरकायला गार जागा राहते. पेटीला खाली पाय हवेत, हवा खेळली पाहिजे. मॅटवर कपडा टाकायचा नाही. आणि तिची पिन थेट भिंतीत खोचायची नाही, थर्मोस्टॅटमध्ये खोचायची. बत्तीस डिग्री झाले की तो आपोआप मॅट बंद करतो.

"मी हात लावून बघेन की," मी म्हणालो. "तुझं बाटलीचं दूध मनगटावरच बघायचो."

"बाबा, हाताचा भरवसा नाही. आणि त्याला तर स्वतःलाच कळत नाही. पोटाखालून भाजलं तरी ऊब मिळते म्हणून तसाच बसून राहतो, उठतच नाही. रोज त्याचं पोट बघायचं. बघाल ना?"

हे 'बघाल ना' तिने अशा आवाजात विचारलं की मला शब्द द्यावा लागला.

तिचा थर्मोस्टॅट वाटेत आपटून बंद पडला होता, म्हणून मी स्टँडजवळच्या विजेच्या दुकानात गेलो.

"गीजर का चाहिए?" दुकानदाराने विचारलं.

"सांप का."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "क्या हो गया भिया, सांप को?"

"कुछ नहीं हुआ. उसको नीचे से गरम रखना है."

त्याने जरा विचार केला आणि आतून कमरेला बांधायचा शेकायचा पट्टा आणून दिला. "ये ले जाओ. मेरी अम्मा भी येई बांध री हैं."

माझं डोकं फिरलं. "सांप की कमर कहां होती है, बताओ!"

"होती तो होगी, भिया. पूंछ है, तो पूंछ के पेले कमर ही होगी."

बल्ब घ्यायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांनाही हे पटलं. एकाचं म्हणणं पडलं की सापाला नुसती कमरच असते. मी पट्टा काउंटरवर आपटून घरी आलो. शेवटी मुलीनेच इंदूरहून थर्मोस्टॅट पाठवला.

मॅट सुरू झाली. मी रोज संध्याकाळी पोथी वाचावी तसा टॉर्च घेऊन सापाचं पोट बघू लागलो. तो कधी बघू देई, कधी माझ्याच मनगटाभोवती लाडू वळून बसे. मग सोडवून घेईपर्यंत माझा चहा गार.

एवढ्यात श्रावण आला आणि अक्का धारहून आली. आई लवकर गेली, मला अक्कानेच वाढवलं. अजूनही ती मला 'धाकट्या' म्हणूनच हाक मारते, आणि माझं टक्कल पडलं तरी मला ती हाक आवडते. तिला मधुमेह जुना. पायांची जाणीव जवळजवळ गेलेली. गेल्या वर्षी टेकरीवरून देवीचं दर्शन घेऊन परतली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे गळाली ते तिला कळलंच नव्हतं. पायाला जखम होऊ देऊ नका, चिघळली तर पाय जायची वेळ येते, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. मी तिला "जपून चाल" म्हणालो, नव्या चपला आणल्या आणि आपलं काम झालं असं समजलो.

साप बघून अक्काला भोवळ येईल म्हणून मी खुर्ची तयार ठेवली होती. तिने पेटीसमोर हात जोडले, काचेला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "धाकट्या, तुझ्यासाठी जन्मभर नागोबाचा उपवास करते आहे. दर्शन आज झालं."

नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपवास करतात, कारण नाग हा भाऊच मानलेला. अक्काने तो उपवास कधी चुकवला नाही, साखर वाढल्यावर डॉक्टरांनी मना केलं तरी नाही. इथे तर भाऊ साक्षात घरात येऊन बसलेला. मी सांगितलं की हा नाग नव्हे, अजगर आहे आणि तोही आफ्रिकेचा. "असेना का," ती म्हणाली, "दूर दिलेल्या लेकी असतात तसे दूर गेलेले भाऊही असायचे." दुसऱ्या दिवसापासून ती पेटीशेजारी बसून त्याच्याशी बोलू लागली. जेवलास का, झोप झाली का. मी सहा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करत होतो हेही तिने त्याला सांगितलं. मला राग आला, आणि तो राग मत्सराचा होता. हसायचं त्याने हसावं.

मॅट मात्र तिच्या नजरेत सलत होती. "हे काय ठेवलं आहेस त्याच्याखाली?"

मी सगळं समजावलं. तिसरा हिस्सा, गार बाजू, बत्तीस डिग्री.

"म्हणजे तवा."

"तवा नाही, अक्का."

"खालून तापतो, वर जीव आहे. तवाच तो."

नागपंचमीला आमच्याकडे काही चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. तवा तर चढवायचाच नाही, सगळं उकडलेलं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. हा नियम आणि अक्काचं 'तवाच तो' एकमेकांना जोडायची अक्कल तरीही मला सुचली नाही.

नागपंचमीच्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. हवेत गारठा होता. बायको शाळेत शिकवायला गेली होती आणि मी पूजेसाठी दूध-लाह्या आणायला बाहेर पडलो. परत येऊन पेटीकडे बघतो, तर खालची मॅट गायब. साप कोपऱ्यात लाडू होऊन बसलेला. मुलीला दिलेला शब्द आठवला. घाईघाईने त्याला उचलून पोट बघितलं. पांढरंस्वच्छ. तो थोडा गार लागला, एवढंच. मला हायसं वाटलं आणि मी मॅट शोधत पुढच्या खोलीत गेलो.

अक्का खुर्चीत बसून मूग निवडत होती. पायांवर माझी शाल, दुमडून. शालीखालून एक वायर निघून थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये गेली होती.

"अक्का, पाय उचल! आधी पाय उचल!"

"ओरडतोस काय? आज नागोबाखाली तवा चालत नाही, म्हणून मी काढला. पाय गार पडले होते, म्हटलं हा नुसता पडून कशाला राहू द्यायचा."

"अगं, आज तवा चालत नाही ना?"

"त्याच्याखाली चालत नाही. मी काय नाग आहे?"

मी पिन उपटली, शाल बाजूला केली. मॅटला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. अक्काचा पाय हातात घेऊन वळवला. तळव्यावर लिंबाएवढा फोड आला होता, भोवती लालभडक. तिने वाकून पाहिलं, दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं. "अरेच्चा, हे कधी झालं?"

इतका मी आयुष्यात दोन-तीनदाच भ्यालो असेन. तिला रिक्षात बसवून मी दवाखान्याकडे निघालो. तीच मला सांगत होती, धाकट्या, रडू नकोस, नागोबाचं दूध झाकून ठेवलंस का.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय से जली हैं?"

"सांप के हीटर से."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सांप ने काटा भी है?"

"नहीं, सांप ठीक है."

"मैं सांप का नहीं पूछ रिया, भाईसाब." त्यांनी फोड साफ केला, पट्टी बांधली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "इनको जलने का पता नहीं चलता. गरम लगे तो भी पैर हटाएंगी नहीं. रोज तलवे देखना पड़ेंगे. आप देखोगे ना?"

हाच प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला जात होता. पहिल्यांदा विचारला गेल्यापासून मी सापाचं पोट रोज बघत होतो आणि बहिणीचे तळवे एकदाही बघितले नव्हते.

जखम भरायला गणपती उलटून गेले. पाय वाचला. मी अक्काला धारला परत जाऊ दिलं नाही. मॅट पुन्हा पेटीखाली गेली आणि तिची पिन थर्मोस्टॅटला चिकटपट्टीने बांधून टाकली. आता रोज दिवेलागणीला अक्का पलंगाच्या कडेला पाय लांब करून बसते. मी टॉर्च घेतो, चष्मा लावतो आणि बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत बघतो.

काल बसलो, तिचा पाय मांडीवर घेतला, तर तिने तो ओढून घेतला.

"आधी त्याचं बघ," पेटीकडे बोट दाखवून ती म्हणाली. "तो धाकटा."

मी टॉर्च घेऊन उठलो आणि आधी त्याचं पोट बघितलं.