याकोबकाकांची नीळ

सकाळी नळावर हंडा लावायला गेलं की गॅलरीच्या टोकाकडून हमखास आवाज यायचा, "काय गं मार्था, कालची का आजची?"

हा प्रश्न याकोबकाका चाळीत सगळ्यांना विचारायचे. दूधवाल्याला, गिरणीतून पाळी संपवून आलेल्या सावंतांना, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनासुद्धा. "आजची" म्हटलं की खूश. झोपेतून उठून कुणी "कालचाच" म्हणून गेला, तर त्याला थांबवून तोंडावर पाणी मारायला लावायचे. आणि हात! परळच्या एका गिरणीत ते रंगखात्यात होते. कोपरापर्यंत निळे हात घेऊन ते प्रार्थनेला उभे राहिले की मागच्या बाकावरच्या आम्हा मुलींना हसू आवरत नसे.

रंगखात्यातला माणूस असल्यामुळे त्यांचं सगळं शास्त्र कापडाचं. "बाप्तिस्मा एकदाच असतो गं. कापड एकदाच विणतात. पण पांढरं कापड नुसतं धुऊन भागत नाही. दर धुण्याला निळीचा हात लागतो, नाहीतर पिवळं पडतं. माणूसपण तसंच. रोज सकाळी निळीचा हात."

आमच्या चर्चमध्ये पोरांचे बाप्तिस्मे तान्हेपणीच व्हायचे, कपाळावर तीन थेंब पाणी. मग मोठेपणी, आपल्या तोंडाने विश्वास कबूल करायला, दृढीकरणाचा वर्ग. तो झाल्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, नाही. हा वर्ग तीस वर्षं याकोबकाका घेत होते आणि त्यांनी मला दोनदा नापास केलं होतं. हो, दोनदा! अख्ख्या मंडळीत असा पराक्रम माझा एकटीचाच. "बाप्तिस्मा म्हणजे काय?" या प्रश्नाला मी पुस्तकातलं उत्तर धडाधड म्हणून दाखवायची, "अंतरीच्या कृपेची बाह्य खूण!" काका डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "पाठ आहे. नापास." वीस वर्षांची घोडी झाले, फोर्टात टायपिस्ट म्हणून लागले, चर्चमध्ये दर रविवारी पेटी वाजवत होते, पण प्रभुभोजनाच्या वेळी आपली पेटीमागे बसून राहायची. इतका राग यायचा मला त्यांचा!

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. रोज कुठे मोर्चा, कुठे सभा, मध्येच जमावबंदी. चाळीतली शेंबडी पोरंसुद्धा भोवरा फिरवताना "झालाच पाहिजे!" ओरडायची. त्यातच एका दुपारी काकांची राहेलमावशी नगरकडून आली. सत्तरीची, दात सगळे गेलेले, हसरी. संध्याकाळी आम्ही चहा पीत बसलो होतो. काका आपल्या जुळ्या भावाच्या, योहानच्या, गोष्टी सांगत होते. तर मावशी एकदम फिदीफिदी हसायला लागली.

"आरं याकोबा, तुला सांगायचं राह्यलंच बघ. तुजा बाप्तिस्मा झालाच न्हाई."

"काय?"

"तुजी आई तापानं फणफणली व्हती. म्या बारा वर्साची. तुमा दोघास्नी घेऊन देवळात म्याच गेले. तू बांबूच्या पाटीत गाढ झोपला व्हतास. म्हनलं, ह्याला उठवला तर आख्खी उपासना रडंल. दोघं दिसाया सारखेच. म्हनून म्या योहानलाच दोनदा फुडं केला!"

माझा चहाचा घोट नाकातून बाहेर आला. मावशी पदरात तोंड घालून हसत होती. काकांकडे पाहिलं आणि मी हसायची थांबले. त्यांची बशी हातात तशीच राहिली होती.

बरं, नाव याकोब! बायबलातल्या याकोबानं जुळ्या भावाचा आशीर्वाद पळवला, आणि इथे उलटंच झालं. काकांनी योहानला पत्र लिहिलं. तो एक वल्ली. आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं : "माझ्याकडे एक जादा आहे. लागत असल्यास कळव, एस.टी.ने पाठवतो."

मावशीनं सांगितल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच काकांनी "कालची का आजची" विचारणं बंद केलं. वर्ग बंद केला. रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी उठले आणि येऊन माझ्याशेजारी पेटीमागे बसले. सगळी चाळ कालचीच राहिली. दूधवालासुद्धा विचारायला लागला, "म्हातारबाबा आजारी आहेत का हो?" पाळकसाहेबांनी समजूत घातली, "याकोबराव, नोंदवहीत तुमचं नाव आहे. देवाला सगळं ठाऊक आहे."

"वहीत मी आहे साहेब, पाण्यात मी नव्हतो," काका म्हणाले. "तीस वर्षं लोकांना विचारलं, बाप्तिस्मा म्हणजे काय. जे मला मिळालंच नाही त्याच्यावर पोरांना नापास केलं. मला घ्या. रांगेत उभा करा, परीक्षा घ्या, पण घ्या."

पाळकसाहेबांनी डोकं खाजवलं आणि परीक्षा घ्यायला मला सांगितलं! त्यांच्याशेजारी पेटीमागे बसणारी मंडळीतली एकमेव नापास मीच, म्हणून असेल. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी मुद्दाम इस्त्रीचं पातळ नेसून गेले. अठ्ठावन्न वर्षांचे याकोबकाका लहान पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. निळे हात मांडीवर. मी घसा खाकरून विचारलं, "बाप्तिस्मा म्हणजे काय?"

मला वाटलं, आता कापड येणार, नीळ येणार. डोळे भरून आले त्यांचे.

"ठाऊक नाही गं पोरी," ते म्हणाले. "झाल्यावर सांगतो."

"पास," मी म्हटलं. आणि पुस्तक मिटलं.

पण काकांची एक अट होती. थेंब चालणार नाहीत. "सगळी हयात कापड बुडवून काढलं साहेब. शिंतोडे मारलेला रंग पहिल्या पाण्याला जातो." पाळकसाहेबांनी उभ्या आयुष्यात कुणाला बुडवलं नव्हतं. म्हणून काकांनीच त्यांना शिकवलं. चाळीच्या टाकीत आमच्या घरचा लोड तीनदा बुडवून काढला. एक हात मानेखाली, एक छातीवर. लोड त्यानंतर महिनाभर वाळत नव्हता आणि आई पाळकसाहेबांशी धड बोलत नव्हती.

ईस्टरच्या सकाळी आम्ही बारा-पंधरा जण पांढरे कपडे घालून दादरच्या चौपाटीवर गेलो. भरतीची वेळ बघायची कुणाला सुचलीच नव्हती. समुद्र हा एवढा लांब! चिखल तुडवत गेलो तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना. शेवटी काका पाण्यात बसले. तेवढ्यात किनाऱ्यावरून शिट्टी वाजली. मालवणी हवालदार धावत आला.

"काय चललाहा हय? जमावबंदी आसा, ठावक नाय?"

"मोर्चा नाही हो, बाप्तिस्मा आहे," पाळकसाहेब ओरडले.

हवालदाराने बसलेल्या काकांकडे पाहिलं, पाळकसाहेबांच्या ओल्या झग्याकडे पाहिलं. "मगे बेगीन बुडवा. आठाक माझी ड्युटी संपता."

पाळकसाहेब आधीच गांगरले होते. त्यांनी भरभर विचारलं, "याकोबा, तुझा बाप्तिस्मा व्हावा अशी तुझी इच्छा आहे काय?" यावर "आहे" एवढंच म्हणायचं. आठवडाभर घोकून घेतलं होतं. पण काकांचा ऊर इतका भरून आला होता, की त्यांनी दोन्ही मुठी वर केल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडले,

"झालाच पाहिजे!"

झालं! किनाऱ्यावर रात्रपाळी संपवून आलेले गिरणीवाले होते, फिरायला आलेले लोक होते. तिकडून आरोळी आली, "संयुक्त महाराष्ट्र..." आणि अर्धी चौपाटी गरजली, "झालाच पाहिजे!" हवालदार शिट्टीवर शिट्टी फुंकायला लागला. पाळकसाहेबांनी डोळे मिटून, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने काकांना जे खाली दाबलं, ते वर काढायचं विसरलेच. "काढा, काढा!" आम्ही किंचाळलो. काका वर आले ते भोवती निळं पाणी घेऊन. आदल्या दिवशी आनंदाच्या भरात त्यांनी सदऱ्याला वाजवीच्या चौपट नीळ घातली होती. पाळकसाहेबांचा पांढराशुभ्र झगा कमरेपर्यंत आकाशासारखा झाला.

मी परीक्षक. मी विचारलंच, "काका, आता सांगा. बाप्तिस्मा म्हणजे काय?"

काका खोकले, थुंकले, आणि म्हणाले, "खारट आहे गं, खारट!" मग चिखलात बसूनच आमच्यावर ओरडले, "काय रे, कालचे का आजचे?"

"आजचे!" आम्ही म्हणालो. हवालदारसुद्धा म्हणाला. हसून हसून आमची पोटं दुखायला लागली होती.

खरं उत्तर त्यांनी संध्याकाळी गॅलरीत दिलं. "पाण्याखाली गेलो तेव्हा कळलं बघ. सगळी हयात मीच बुडवत आलो. आज पहिल्यांदा मला कुणीतरी धरून बुडवलं. आपण काहीच करायचं नसतं गं. धरणाऱ्यानं धरलेलं असतं." मग म्हणाले, "पुढच्या रविवारी तू पेटीमागे बसू नकोस. पास."

त्यानंतर काकांनी चर्चमध्ये एक रीत घातली. बाप्तिस्मा झाला की बाळाच्या टाचेवर निळीचा ठिपका. पुन्हा कुणी झोपलं म्हणून पाटीत राहू नये! "ही नीळ चार दिवसांत धुऊन जाईल की हो," पाळकसाहेब म्हणाले. "जाऊ दे की," काका म्हणाले. "चार दिवस आई टाच बघेल. पाचव्या दिवसापासून तिनं लेकराकडं बघावं."

माझी मुलगी झाली तेव्हा काकांना जाऊन वर्ष झालं होतं. झोपेतच गेले. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी तिच्या कपाळावर पाणी लावलं, ती रडली, मी तिला घेऊन वळले. "थांब मार्था," ते म्हणाले. झग्याच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. त्यातल्या निळीत बोट बुडवून त्यांनी ते माझ्या लेकीच्या टाचेवर टेकवलं. मला तिथेच, सगळ्या मंडळीसमोर, एकाच वेळी हसू आणि रडू फुटलं.

चार दिवस मी अंघोळ घालताना ती टाच जपली. पाचव्या दिवशी सकाळी पाहिलं, तर ठिपका नव्हता. मी तिला खिडकीतल्या उजेडात धरलं आणि विचारलं, "काय गं, कालची का आजची?"

बोळकं पसरून हसली कार्टी.