जुडीच्या आतलं फूल

गुलाबाची जुडी बांधताना विमलबाई डागी फूल नेमानं मधोमध घालायच्या. भोवती टवटवीत फुलं, वर ओला कागद, मग सुतळीचा फेरा. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या टपरीवरून मी देवासाठी फुलं घ्यायची. घरी जुडी सोडल्यावर फसगत कळायची. तक्रार केली की म्हणायच्या, "ताई, देव काय जुडी सोडून बघतो का? वरून चांगलं दिसलं म्हंजे झालं." गेल्या थंडीत त्या गेल्या, आणि आता मला मेली ती डागी फुलंच आठवतात.

शुगर त्यांना लहानपणापासून. बापानं ती लपवून लग्न लावून दिलं. नवऱ्याला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "झालं ते झालं. आता बाहेर बोलू नको." ते त्यांनी जन्मभर पाळलं. सुई टोचायची ती फुलांच्या खोलीत, कडी लावून. पुढं मुलानं कमरेला लावायचं इन्सुलिनचं मशीन आणून दिलं, तर ते निऱ्यांखाली गेलं. दंडावर साखर मोजणारा बिल्ला चिकटवलेला असायचा, तो झाकायला भर उन्हाळ्यात कोपरापर्यंत बाह्या. मला कळलं तेसुद्धा टपरीवर घेरी येऊन पडल्या म्हणून. शुद्धीवर आल्या आल्या पहिलं वाक्य, "कुणाला बोलू नका हं, ताई. लय वंगाळ दिसतं."

धाकटी बहीण इंदू बंगळुरात लेकाकडे असायची. तिलाही हाच आजार, किडन्या निकामी झालेल्या. एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला, "मावशी, आई तुझंच नाव घेतेय. लवकर ये." विमलबाईंच्या मुलाला रजा मिळेना, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या विमानानं मी सोबत निघाले. त्यांच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, "तपासणीच्या आधीच मशीनचं सांगा. हातानं बघायला सांगा, एक्स-रेत घालू देऊ नका." विमलबाईंनी मुकाट्यानं मान डोलावली होती.

विमानतळावर बायकांच्या तपासणीला त्या माझ्यापुढे पडद्याआड गेल्या. आतून ड्यूटीवरच्या पोरीचा आवाज आला, "अम्मा, कमर में ये क्या है?"

"कुछ नहीं."

"कुछ तो है."

"कुछ नहीं, बोली ना."

मी बाहेरून ओरडले, "शुगर की मशीन है!" पण तोवर त्या दोनदा नाही म्हणून बसल्या होत्या. पोरीनं साहेबांना बोलावलं. वर्दीतली माणसं जमली, रांगेतले लोक माना उंच करून बघायला लागले. विमलबाई पोटाशी हात घट्ट धरून उभ्या, कुणाला शिवू देईनात. सकाळी घाईत धड खाल्लं नव्हतं, त्यात ही धास्ती. दरदरून घाम फुटला आणि त्या तिथंच खाली बसल्या. वाईट कुणीच वागलं नाही. त्याच पोरीनं मांडीवर डोकं घेऊन साखरेचं पाणी पाजलं. पण आज विमानात बसायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आमचं विमान गेलं. संध्याकाळी इंदूही गेली.

दहाव्यासाठी आम्ही पुन्हा निघालो. या वेळी पडदा यायच्या आधीच, भर रांगेत विमलबाईंनी बाही वर सारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मेरे को बचपन से शुगर है. ये उसका बिल्ला, और कमर में मशीन है. हात से देखो, डब्बे में मत डालो."

ड्यूटीवरच्या पोरीनं मशीन हातानं चाचपलं, विमलबाईंच्या बोटांवरून स्फोटकं तपासायची कापडाची पट्टी फिरवून ती तपासली आणि म्हणाली, "जाओ अम्मा." पेलाभर पाणी पिऊन व्हावं, एवढाच वेळ लागला.

पलीकडच्या बाकावर त्या चपला घालायला बसल्या, त्या उठेचनात. साखर उतरली असेल म्हणून मी पर्समधून साखरेची गोळी काढली. त्यांनी माझा हात बाजूला सारला. डोळे भरून आले होते.

"एवढंच व्हतं का, ताई?" त्या म्हणाल्या. "इंदूला भेटायला एवढंच बोलायचं व्हतं?"

मी खाली वाकून त्यांच्या पायात चपला सरकवल्या.