चार आण्यांचं गाऱ्हाणं

विश्राम परुळेकर कुडाळच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत, आणि मी त्यांची बायको. माणूस सरळ, निर्व्यसनी; पण बाजू घ्यायची वेळ आली की अंगावर पाल पडल्यासारखा दचकायचा. माझं आणि सासूबाईंचं वाजलं की हे म्हणत, "मला दोघींचंही पटतंय." अशा माणसाशी भांडणार तरी कसं? भिंतीशी भांडलेलं बरं.

ब्याऐंशी साली यांनी पीएच.डी.ला विषय घेतला तो काजूच्या कारखान्यांतले भाव, मजुरी आणि कामगार संघटना. मुंबईचे मार्गदर्शक खूश झाले, कारण आमच्या भागात यावर कुणी काही लिहिलं नव्हतं. कसालजवळ भाईंचा कारखाना होता. भाई म्हणजे मालक, देवभोळा माणूस, माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे. दर शनिवारी हे तिथे जाऊन बसत. पन्नासेक बायका ओळीने बसून भाजलेल्या बिया फोडायच्या. चिकाने बोटं काळी पडायची, सालटं निघायची. मजुरी किलोवर मिळायची. त्यांच्यात गंगू होती, देवळातल्या सहदेव गुरवाची बायको. तोंडाने फटकळ, कामाला वाघ. यांच्या प्रबंधातली निम्मी माहिती तिनेच पुरवलेली.

संघटना मात्र तिथे नव्हती. मागे एकदा एक कार्यकर्ता येऊन गेला होता आणि पाचजणींनी त्याला नावं दिली होती. दुसऱ्या दिवशी त्या पाचजणींना दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून कुणी संघटनेचं नाव काढलं की बायका हातातल्या बीकडे बघत बसायच्या.

चौऱ्याऐंशीच्या भाद्रपदात गंगू आमच्याकडे आली. ओटीवर टेकली आणि सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"मास्तरानू, आमका मजुरी वाढवून मागूची आसा. किती मागली तर कारखानो चलात, ता तुमकाच म्हायत."

हे चष्मा पुसत राहिले. "गंगूबाई, अभ्यास अजून पुरा झालेला नाही. आणि संशोधकाने कुणा एकाच्या बाजूने बोलायचं नसतं." ताकाला तूर लागू दिली नाही. गंगू "बरां" म्हणाली आणि गेली.

मी म्हटलं, "अहो, तिने कुठे बाजू घ्यायला सांगितलं? किती मागू, एवढंच विचारत होती बिचारी." त्यावर यांनी मला बराच वेळ समजावलं. मला काही कळलं नाही. त्यांनाही कळत होतं, असं मला वाटत नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा. भाई दरवर्षी सहदेवला बोलावून कारखान्यात गाऱ्हाणं घालून घेत. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि वाक्यागणिक जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून जिभेला तसं वळणच पडलेलं असतं. आम्हा दोघांनाही आमंत्रण होतं.

सहदेवने नारळ ठेवला. "बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी रवली आसत."

"व्हय म्हाराजा."

"भाईंच्या धंद्याक बरकत दी."

"व्हय म्हाराजा." भाईंचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ह्या बायलमाणसांच्या हातांची राखण कर."

"व्हय म्हाराजा."

"आणि दिवाळेपासून भाईंनी ह्येंका किलोमागे चार आणे वाढवून दिवचे, अशी त्येंका बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा," भाई हात जोडून, डोळे मिटून म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले.

कुणी हसलं नाही. देवासमोर तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा? भाई म्हणाले, "गूळखोबरां वाटा." दिवाळीपासून खरोखरच चार आणे वाढले. संप नाही, घोषणा नाही. मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी घावणे आणि नारळाचा गोड रस केला. यांना मात्र वेगळीच पंचाईत, हे प्रबंधात कुठे घालायचं? घातलं एका परिच्छेदात. मार्गदर्शकांनी तो खोडला. देव हा वाटाघाटीतला पक्ष होऊ शकत नाही, म्हणाले.

शहाऐंशी सरता सरता यांना डॉक्टरेट मिळाली. गंगू कौतुकाने आली. मी तिला पेढे दिले. ती म्हणाली, "काय लिवल्यात, ता सांगा तरी."

हे खुलले. काजूगराचा भाव कसा दुपटीवर गेला, मजुरी कशी तिथेच राहिली, सगळं सोपं करून सांगितलं. "भाई किलोमागे एक रुपया वाढवून देऊ शकले असते. कारखान्याला काही झालं नसतं."

"ह्या तुमका कधी कळलां?"

खोटं बोलणं यांना जमत नाही. "चौऱ्याऐंशीच्या शिमग्याला."

म्हणजे ती आमच्या ओटीवर येऊन बसली, त्याच्या कितीतरी आधी. यांची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"गाऱ्हाण्यात माझो घोव रुपयोच मागूया म्हणत होतो," गंगू हळू म्हणाली. "मियाच त्येका चार आण्यार आणलंय. कारखानो बंद पडलो तर पन्नास घरां उपाशी रवतली, म्हटलां."

हे पुढे सरकले. "अजूनही मागता येईल, गंगूबाई. या खेपेला मी येतो भाईंकडे."

"भाई आता गाऱ्हाण्याक येतत," गंगू म्हणाली, "पण तोंड उघडनत नाय."