बोलता संगणक गप्प झाला तेव्हा

मामांचा फोन आला तेव्हा मी बारामतीत माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एक मिक्सर उघडून बसले होते.

"पोरी, मशीन बोलायचं थांबलं," ते म्हणाले. "अर्ध्या वाक्यातच गप झालं. आता ते काय इचारतंय तेच कळंना."

माझे मामा जन्मापासून आंधळे. राहायला भवानीनगरला. सगळी नोकरी त्यांनी साखर कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली. नोकरीत असतानाच त्यांनी एक संगणक घेतला. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यात होता. मामा मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे आणि मशीन तो साहेबी हेल काढून वाचायचं. आता त्याचा डबा पिवळा पडलाय, पंखा घरघरतो. नवा आणून देते म्हटलं की ते म्हणत, "त्याच्या आवाजाची सवय झालीया. दुसरा आवाज मला परका वाटंल."

निवृत्तीनंतर त्यावर ते आठवणी लिहीत होते, फोनवरून आयुष्यभर ऐकलेल्या माणसांच्या. एकदा गावातल्या एका मेकॅनिकनं दुरुस्तीच्या नावाखाली त्यातलं सगळं पुसून टाकलं होतं. मामांनी पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतलं. तेव्हापासून डिस्कला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक.

"काही दाबलंत का?" मी विचारलं.

"आवाज गेल्यावर बंद कराया गेलो. मग दोन-चार बटनं दाबली. आता भ्या वाटतंय. सकाळपासून लिवलेलं समदं आत हाय."

मी मामींना फोन द्यायला सांगितला. मामींना इंग्रजी अक्षर येत नाही. "मधी एक पाटी आलीया," त्या म्हणाल्या. "तिच्यात तीन चौकोन हायत."

"एखाद्या चौकोनाभोवती टिंबांची रेघ आहे का?"

"माझ्या डोळ्याला तरी समदे सारखंच दिसत्यात गं."

शेजारी कुणी आहे का, तर सगळे ऊसतोडीच्या गडबडीत रानात. मी विचारलं, "मामी, लाईट कधी जाते?"

"जेवायच्या आधी जाती की रोज."

मामांच्या यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, हे मला ठाऊक होतं. वीज गेली की मशीन त्या क्षणी बंद पडणार. फोनवरून बटण दाबायला सांगावं असं एकदा मनात आलं. पण पाटीवर नेमकं काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय माझीही छाती होईना. "कुणी कशाला हात लावू नका, मी निघाले," असं सांगून मी पिशवीत हत्यारं आणि जुने सुटे भाग कोंबले आणि गाडीला किक मारली.

गळिताचा हंगाम होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, त्याला ओलांडावं तर समोरून बैलगाड्या. ट्रॉलीतून लोंबणारी वाढी, उसाच्या शेंड्यांची हिरवी पाती, माझ्या हेल्मेटवर आपटत होती. वाटेतल्या चहाच्या टपरीत पंखा फिरताना दिसला की जीव जरा भांड्यात पडायचा, लाईट अजून आहे.

घरात शिरले तेव्हा मामा कीबोर्डपासून लांब, दोन्ही हात काखेत घालून बसले होते. चुकून बोट लागू नये म्हणून. मी पडद्याकडे पाहिलं. बदल जपून ठेवायचे का, असा तो प्रश्न होता आणि टिंबांची रेघ 'नो'भोवती होती. एक एंटर, आणि सकाळचं सगळं गेलं असतं.

मी 'येस' केलं. डिस्कनं करकर आवाज केला. मामांनी मान वर केली. "उमटलं?"

"उमटलं, मामा."

त्यांनी काखेतले हात सोडले. मी मशीन रीतसर बंद केलं आणि थोड्याच वेळात लाईट गेली. मामी दारातून म्हणाल्या, "बघ!"

पण आवाज अजून यायचाच होता. स्पीकर माझ्या मोबाईलला लावून पाहिले, ते ठणठणीत. म्हणजे रोग आत होता. डबा उघडून साउंड कार्ड काढलं आणि दाराच्या उजेडात धरलं. त्यावरचे कपॅसिटर, म्हणजे छोट्या पिंपांसारखे भाग, बुडाशी ओलसर झाले होते. त्यांतलं रसायन पाझरून कार्डावर चिकट तपकिरी डाग पडला होता.

"दुरुस्त हुईल का?" मामांनी विचारलं.

"बदलून बघते. पण हे कार्ड आता कुठं मिळत नाही मामा. माझ्या हातून खराब झालं तर..."

"मंग सावकाश कर," ते म्हणाले. "तसंच ठिवलं तरी मुकंच ऱ्हाणार हाय."

लाईट येईपर्यंत सोल्डरिंग आयर्न तापणार नव्हतं. आम्ही बसून राहिलो. मामा उगीच खुर्चीचा हात चाचपत होते. मामींनी ताटं वाढली. मामांनी भाकरी नुसती मोडली.

लाईट आल्यावर कामाला लागले. पहिला कपॅसिटर सुटला. दुसरा सुटेना, जरा जोर दिला आणि त्याच्याबरोबर कार्डावरची केसाएवढी तांब्याची रेघ उचलून आली. माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं.

"काय झालं?" मामा उठून उभे राहिले.

खोटं बोलावंसं वाटलं, पण माझा चेहरा न दिसणारा हा माणूस आवाजावरून सगळं ओळखतो. "रेघ तुटली, मामा. तार टाकून जोडते."

मी वायरमधली एक बारीक तार सोलून तुटलेल्या दोन टोकांवर टेकवली. कोपर टेबलावर घट्ट रोवून सोल्डरचा डाग दिला, मग दुसऱ्या टोकाला. जुन्या कार्डांवरून काढून आणलेले कपॅसिटर बसवले, कार्डाचे खाचेत बसणारे काळवंडलेले दात खोडरबरनं घासले आणि ते जागेवर दाबलं.

मशीन सुरू झालं. पंखा घरघरला. पडद्यावर चित्रं आली. आवाज नाही. मामांचा हात माझ्या खांद्यावर आला. मग स्पीकरमधून खर्र झालं, पुन्हा शांत, आणि एकदम तो साहेबी आवाज मोठ्यानं बोलू लागला. मामी दचकून मागे सरल्या.

"एकाच बाजूनं येतोय," मामा लगेच म्हणाले. "उजवा स्पीकर बंद हाय."

"उजव्या बाजूचं पुन्हा बघू का?"

"नगं, नगं!" त्यांनी माझं मनगट धरलं. "आता त्याला हात लावू नगंस. एक पुरं."

त्यांनी फाइल उघडली. सकाळची वाक्यं मशीन चुकीच्या उच्चारांत वाचत गेलं. 'रात्रपाळी' त्यानं असं काही म्हटलं की मामी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मामा मात्र शेवटच्या शब्दापर्यंत ओठ मिटून ऐकत राहिले.

मी धीर करून म्हटलं, "मामा, डिस्कची नक्कल करून ठेवू या. तुमच्यासमोर. काही पुसणार नाही."

मामांनी डब्यावर तळवा टेकवला. "माझा हात डब्यावर ठिवून करशील?"

"करेन."

पुढच्या रविवारी मी लागणारी केबल घेऊन गेले. नक्कल उतरत असताना त्यांचा तळवा डब्यावर होता आणि ती पुरी होईपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.